नाम, संज्ञा, नाउन : मुलांच्या इंग्रजी व्याकरणासाठी घरातली आणि बाहेरची साधने



शाळा उघडल्या की आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : "मुलाला इंग्रजीतले पार्ट्स ऑफ स्पीच काही केल्या कळत नाहीत. एखादे चांगले पुस्तक सांगा ना." मग कोणी बऱ्हाणपूरच्या बाजारातून जाडजूड ग्रामर आणतो, कोणी मोबाइलवर व्हिडिओ लावून देतो. दिवाळीपर्यंत पुस्तक कपाटात गेलेले असते आणि मूल म्हणू लागते, "मला इंग्रजी जमतच नाही." पुस्तकाचे पैसे वाया गेले याचे आम्हाला फारसे वाईट वाटत नाही. मुलाचे हे वाक्य मात्र लागते, कारण एकदा ते मनात बसले की दहावीपर्यंत निघत नाही.

म्हणून या लेखात पुस्तकांची नावे तर सांगणारच आहोत. पण त्याआधी घरात असलेल्या एका साधनाबद्दल बोलू. ते साधन म्हणजे मुलाची आई, आजी किंवा काकू. धूलकोट आणि आसपासच्या आपल्या घरांत मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि त्यावर इंग्रजी येते. आई पुष्कळदा रावेर, यावल, मुक्ताईनगर अशा भागातून लग्न होऊन आलेली असते. तिची शाळा मराठीतून झालेली. मुलाच्या वहीत 'संज्ञा', 'संबंधबोधक', 'समुच्चयबोधक' असे शब्द दिसले की "आमच्या वेळी हे नव्हतं" असे म्हणून ती बाजूला होते. खरे तर ते तिच्याही वेळी होते, फक्त नावे वेगळी होती.

एकाच वस्तूची तीन नावे

मराठीत आपण 'शब्दांच्या जाती' म्हणतो, हिंदीत 'शब्द-भेद', इंग्रजीत 'पार्ट्स ऑफ स्पीच'. तिन्हीकडे शाळेत आठच शिकवतात. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता उतरवून घ्यावा :

१. मराठीत नाम, हिंदीत संज्ञा, इंग्रजीत नाउन.
२. मराठीत सर्वनाम, हिंदीतही सर्वनाम, इंग्रजीत प्रोनाउन.
३. मराठीत विशेषण, हिंदीतही विशेषण, इंग्रजीत ॲडजेक्टिव्ह.
४. मराठीत क्रियापद, हिंदीत क्रिया, इंग्रजीत व्हर्ब.
५. मराठीत क्रियाविशेषण अव्यय, हिंदीत क्रियाविशेषण, इंग्रजीत ॲडव्हर्ब.
६. मराठीत शब्दयोगी अव्यय, हिंदीत संबंधबोधक, इंग्रजीत प्रेपोझिशन.
७. मराठीत उभयान्वयी अव्यय, हिंदीत समुच्चयबोधक, इंग्रजीत कंजंक्शन.
८. मराठीत केवलप्रयोगी अव्यय, हिंदीत विस्मयादिबोधक, इंग्रजीत इंटरजेक्शन.

आता एक वाक्य घेऊ. मराठीत : "अरेच्चा! त्याने हिरवी केळी पटकन भरली आणि तो ट्रकमध्ये बसला." इंग्रजीत : "ओह! ही क्विकली लोडेड द ग्रीन बनानाज ॲण्ड सॅट इन द ट्रक." 'अरेच्चा' आणि 'ओह' हे केवलप्रयोगी. 'तो' आणि 'ही' सर्वनाम. 'पटकन' आणि 'क्विकली' क्रियाविशेषण. 'हिरवी' आणि 'ग्रीन' विशेषण. 'केळी' आणि 'बनानाज' नाम. 'भरली' आणि 'लोडेड' क्रियापद. 'आणि', 'ॲण्ड' उभयान्वयी. 'मध्ये', 'इन' हे शब्दयोगी आणि प्रेपोझिशन. आठही जाती एका वाक्यात आल्या, आणि सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या कोणत्याही बाईला हे वाक्य सोडवता येईल.

हे इतके नेमके का जुळते?

हा योगायोग नाही. आपल्याकडच्या जुन्या परंपरेत यास्काने निरुक्तात शब्दांचे चारच वर्ग सांगितले होते : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठ जातींची विभागणी युरोपातल्या व्याकरणांतून इंग्रजीत आली आणि तिथून आपल्याकडे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. दादोबांना संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही व्याकरणे ठाऊक होती, आणि मराठीच्या शब्दांची मांडणी त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढे ठेवून केली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर काहीच वर्षांनी, १९२० साली, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेसाठी कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' तयार झाले. गुरुजी मूळचे आपल्याच मध्य प्रदेशातल्या सागरचे, आणि हा ग्रंथ लिहिताना त्यांनी दामल्यांच्या मराठी व्याकरणाचा आधार घेतला होता.

म्हणजे मुलाच्या हिंदी पुस्तकातले शब्द-भेद आणि आईच्या आठवणीतल्या शब्दांच्या जाती ही एकाच घरातली भावंडे आहेत, आणि दोघांचेही नाते इंग्रजीशी आहे. मूल तीन वेगळे विषय पाठ करत नाही, एकच विषय तीनदा शिकते आहे. हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. शाळेत हिंदीचे गुरुजी वेगळे आणि इंग्रजीचे वेगळे, त्यामुळे ते सांगण्याची जागा बहुधा घर हीच असते.

जिथे जुळत नाही, तिथे मुले अडतात

तक्ता पाठ झाला म्हणजे काम संपले नाही. चार ठिकाणी इंग्रजी वेगळी वागते. कोणतेही पुस्तक घ्या, ते या चार ठिकाणी मुलाला हात देते का, हे पाहायचे.

पहिले ठिकाण शब्दयोगीचे. मराठीत तो नामानंतर येतो आणि त्याला चिकटून लिहितात : टेबलावर. हिंदीत नंतरच, पण सुटा : टेबल पर. इंग्रजीत तो आधी येतो : ऑन द टेबल. शिवाय आपण बरेच काम विभक्तीच्या प्रत्ययांनी करतो. 'बऱ्हाणपूरला', 'बऱ्हाणपुरात', 'बऱ्हाणपूरहून' यांतले ला, त, हून हे मराठी व्याकरणात शब्दयोगी नव्हेत, प्रत्यय आहेत. इंग्रजीत मात्र तिथे टू, इन, फ्रॉम ही प्रेपोझिशनेच येतात. त्यामुळे 'शब्दयोगी म्हणजे प्रेपोझिशन' एवढे पाठ केलेले मूल 'बऱ्हाणपुरात' या शब्दापाशी थांबते, कारण त्यात त्याला शब्दयोगी सापडत नाही. त्याची चूक नसते, तक्ता तिथे अपुरा पडतो.

दुसरे ठिकाण विशेषणाचे. मराठीत 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल' असे विशेषण बदलते. इंग्रजीत 'गुड' हे 'गुड'च राहते. आपल्या केळ्याचेच पाहा : मराठीत 'केळे' नपुंसकलिंगी, हिंदीत 'केला' पुल्लिंगी, आणि इंग्रजीत 'बनाना' शब्दामुळे विशेषण बदलण्याचा प्रश्नच नाही. इथे इंग्रजी सोपी आहे, हे मुलाला जरूर सांगावे. सगळे काही अवघड नाही हे कळले की धीर येतो.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे. आपण 'शब्दाची जात' म्हणतो, त्यामुळे ती शब्दाला जन्मतः चिकटलेली असते असे वाटते. इंग्रजीत शब्दाची जात जन्माने नव्हे, कामाने ठरते. 'फास्ट' हा एकच शब्द घ्या. 'अ फास्ट बस' म्हणजे वेगवान बस : इथे तो विशेषण. 'द बस गोज फास्ट' म्हणजे बस वेगाने जाते : इथे क्रियाविशेषण. 'आजी फास्ट्स ऑन एकादशी' म्हणजे आजी एकादशीला उपवास करते : इथे क्रियापद. आणि 'शी ब्रोक हर फास्ट' म्हणजे तिने उपवास सोडला : इथे नाम. 'ब्रेकफास्ट' हा शब्दही असाच, रात्रभराचा उपवास सोडणे यातून झाला. 'वॉटर' म्हणजे पाणी हे मुलाला ठाऊक असते. 'वॉटर द प्लांट्स' म्हणजे झाडांना पाणी घाल, इथे तेच 'वॉटर' क्रियापद होते.

हे आपल्याला अगदी अनोळखी नाही. 'तो पुढे गेला' यात 'पुढे' क्रियाविशेषण आहे आणि 'घरापुढे' यात शब्दयोगी आहे, हे मराठी शाळेत शिकवतातच. इंग्रजीत असे शब्द फार जास्त आहेत, इतकेच. म्हणून 'हा शब्द कोणत्या जातीचा?' असे सुटे विचारू नये. 'या वाक्यात हा शब्द काय काम करतो?' असे विचारावे.

चौथे ठिकाण ए, ॲन आणि द या तीन छोट्या शब्दांचे. मराठीत किंवा हिंदीत यांच्या जोडीचा वर्गच नाही. आठ खणांत ते कुठे बसवायचे म्हणून जुनी इंग्रजी व्याकरणे त्यांना विशेषणात धरत. नवी पुस्तके 'डिटरमिनर' नावाचा वेगळा वर्ग करतात आणि त्यात ए, ॲन, द यांच्याबरोबर 'माय', 'धिस', 'सम' असे शब्दही घालतात. त्यामुळे एका पुस्तकात आठ जाती आणि दुसऱ्यात नऊ दिसतात. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर असतात. पालकांनी घाबरू नये, आणि परीक्षेपुरते शाळेच्या पुस्तकाप्रमाणे लिहावे.

कोणती साधने घ्यावीत

आधी फुकटची. एनसीईआरटीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. पहिली-दुसरीसाठी 'मृदंग', तिसरीसाठी 'संतूर', सहावीसाठी 'पूर्वी' ही इंग्रजीची नवी पुस्तके आहेत. त्यांत व्याकरण धड्यांच्या सरावातून येते, त्यामुळे शब्द वाक्यातच भेटतो. महाराष्ट्राच्या बालभारतीची पुस्तकेही अशीच तिच्या संकेतस्थळावर मिळतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तिथे 'माय इंग्लिश बुक' ही मालिका आहे. रावेरला मामाकडे जाणाऱ्या मुलाला मामेभावंडांकडे हीच पुस्तके दिसतील. घरी मराठी बोलणाऱ्या मुलासाठी ती लिहिली असल्याने आईला हाताळायला सोपी जातात.

दुसरे साधन शब्दकोश. साध्या खिशातल्या कोशापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्यावा. ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डने १९४८ साली काढलेला कोश या प्रकारातला नामांकित. 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शब्दापुढे नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह असे लिहिलेले असते, प्रत्येक अर्थाला वाक्य दिलेले असते, आणि ऐकण्यासाठी उच्चारही असतो. मुलाने 'फास्ट' शोधला तर चारही जाती एकाखाली एक दिसतात. शब्दांच्या जाती शिकायला इतके चांगले साधन दुसरे नाही, असे आमचे मत आहे.

मराठीकडून इंग्रजीकडे जायचे तर मोल्सवर्थचा कोश आहे. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारलेली दुसरी १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य शोधता येतो. मराठी शब्द टाकला की त्याची जात इंग्रजीतल्या संक्षेपाने दिसते. इंग्रजी अर्थ जुन्या वळणाचे आहेत, म्हणून तो मोठ्यांनी पाहावा आणि मुलांना सांगावे.

आता विकतची. 'रेन ॲण्ड मार्टिन' हे नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि पाचवीतल्या मुलालाही तेच आणून दिले जाते. पुस्तक भक्कम आहे, पण ते नववी-दहावीच्या पुढे. लहान मुलाला त्यातल्या व्याख्यांचाच धाक बसतो. रेमंड मर्फी यांची केंब्रिजची पुस्तके अधिक सोयीची : डाव्या पानावर समजावून सांगितलेले, उजव्या पानावर सराव आणि शेवटी उत्तरे. त्यांतले प्राथमिक पातळीचे पुस्तक घ्यावे. सगळे इंग्रजीतून असल्याने सातवी-आठवीपासून, मोठ्या भावंडाच्या सोबतीने, ते चालते.

आजोबांच्या पेटीत द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' सापडली तर टाकून देऊ नका. मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वाक्ये आज जुनी वाटतील. पण मराठी वाक्य घेऊन त्याचे इंग्रजी करताना कोणता शब्द कुठे जातो हे दाखवण्याची तिची रीत अजून उपयोगी आहे. 'बऱ्हाणपुरात' या शब्दापाशी थांबलेल्या मुलाला नेमकी तीच रीत लागते.

व्हिडिओंबद्दल एवढेच : बघितल्याने समजल्यासारखे वाटते, पण वही कोरी राहते. दहा मिनिटे बघितले तर दहा मिनिटे लिहायचे, असा नियम ठेवावा.

दुकानातच करायच्या चार तपासण्या

पुस्तक घेण्यापूर्वी उभ्या उभ्या पाच मिनिटे चाळावे.

पहिली : क्रियाविशेषणाचे पान उघडा. 'शेवटी एल-वाय असेल तो ॲडव्हर्ब' एवढेच सांगून पुस्तक पुढे गेले असेल तर ठेवून द्या. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत. उलट 'फास्ट' आणि 'हार्ड' एल-वायशिवायच क्रियाविशेषण होतात, आणि 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम', 'क्वचितच'. चांगले पुस्तक हे सांगते.

दुसरी : एकच शब्द दोन कामे करतो असा सराव आहे का पाहा. नुसत्या याद्या असतील तर मूल याद्याच पाठ करील.

तिसरी : शेवटी उत्तरे आहेत का? आपल्याकडे दर वेळी विचारायला शिक्षक जवळ नसतो. उत्तरे नसलेले पुस्तक घरी अभ्यासाला अर्धेच.

चौथी : कोणतेही एक पान मुलाकडून वाचून घ्या. दहा शब्दांत चार अडले तर पुस्तक चांगले असूनही या वर्षी त्याचे नाही. पुढच्या वर्षी घ्या.

घरी रोज पंधरा मिनिटे

शाळेच्या इंग्रजी पुस्तकातले एकच वाक्य घ्यावे. मुलाने ते मोठ्याने वाचावे आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा. मग आईने मराठीतच विचारावे : यात कोणाकोणाची नावे आली? नावाऐवजी कोणता शब्द आला? कसा, किती हे सांगणारा कोणता? काय केले? कसे, कधी, कुठे केले? नात्याचा शब्द कोणता, आणि तो नामाच्या आधी आला की नंतर? दोन वाक्ये कशाने जोडली? मुलाने इंग्रजी शब्द दाखवायचा, तिन्ही भाषांतले नाव सांगायचे आणि वहीत लिहायचे. अडले तर कोश उघडायचा. यासाठी आईला इंग्रजी येण्याची गरज नाही, प्रश्न विचारता आले की पुरे. मुलगा आईला समजावून सांगू लागला की त्याचे त्यालाच पक्के होते.

आपल्या मुलांच्या वर्गात ज्यांच्या घरी बारेली बोलली जाते अशी मुलेही आहेत. त्यांना हिंदीही शाळेत येऊनच शिकावी लागते. अभ्यासाला बसताना शेजारचे असे एखादे मूल बरोबर बसवावे. त्याला त्याच्या भाषेत 'आत' आणि 'वर' कसे म्हणतात, ते नामाच्या आधी की नंतर, हे विचारावे. दोघांनाही व्याकरण म्हणजे काय ते कळेल.

शेवटी एक विनंती. मुले वरच्या वर्गात गेली की जुनी पुस्तके आणि कोश घरात पडून राहतात. ती रद्दीत न देता मंडळाकडे आणून द्यावीत. ज्याला दुकानात जाऊन चार तपासण्या करणे जमणार नाही, त्याला ती आपल्यातच मिळतील. आणि आज संध्याकाळी, स्वयंपाक आवरल्यावर, मुलाची वही उघडून पहिल्या पानावर तक्ता लिहायला घ्या. मराठीचा रकाना आईने स्वतःच्या हाताने भरावा.